गोळीआधी रक्त द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यकृत बदलले म्हणजे हेपटायटिस सी गेला, असा समज रुग्णांच्या घरी सर्रास असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात विषाणू असेल, तर तो नव्या यकृतातही शिरतोच. उपचार न केल्यास पाचेक वर्षांत अशा २० ते ३० टक्के रुग्णांना पुन्हा सिरोसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होते.

औषध आता सोपे आहे. सोफोसबुविर ४०० आणि वेल्पाटास्विर १०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. रोज एक, १२ आठवडे. सिरोसिस बळावला असेल तर जोडीला रिबाव्हिरिन, मग हिमोग्लोबिनवर नजर हवी. अॅसिडिटीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, वेल्पाटास्विर नीट शोषले जात नाही. टीबीचे रिफाम्पिसिन तर हे औषध आणि टॅक्रोलिमस (शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी), दोन्हींची रक्तातली पातळी पाडते.

खरा घोटाळा टॅक्रोलिमसचाच. आजारी यकृत ते सावकाश मोडते. विषाणू हटला की यकृत सावरते, टॅक्रोलिमस झपाट्याने मोडू लागते आणि कालपर्यंत पुरणारा डोस अपुरा पडतो. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) पुन्हा चढते. घरचे म्हणतात, औषध लागू पडले नाही. प्रत्यक्षात विषाणू शून्यावर असतो, आणि शरीर नवे यकृत नाकारू लागलेले असते. म्हणून या १२ आठवड्यांत आणि नंतरही काही काळ टॅक्रोलिमसची पातळी वरचेवर तपासावी लागते.

ती तपासणीही चुकते. रक्त रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळच्या डोसच्या आधी द्यायचे असते. बदलापूर-विरारकडचा रुग्ण गर्दीच्या धास्तीने गोळी घेऊनच लोकल पकडतो आणि दहा वाजता लॅबमध्ये हात पुढे करतो. तेव्हा पातळी शिखरावर असते. आकडा पाहून डोस कमी होतो, नेमका वाढवायला हवा तेव्हा! गोळी डबीत घालून सोबत न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी. (गणपतीत आणलेले पपनसही या रुग्णांनी टाळावे, त्याने पातळी वाढते.)

उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए, म्हणजे रक्तातला प्रत्यक्ष विषाणू तपासावा, अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) नव्हे. ती बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, आणि तेवढ्यावरून लोक हादरतात.

लॅबवाल्यांना एकच विनंती : टॅक्रोलिमसचे रक्त घेताना ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली?’ एवढे विचारा आणि ती वेळ रिपोर्टवर आकड्याशेजारी छापा.

– एक वाचक, परळ, मुंबई