यंदा एक मुतारी बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै लागला की आपल्या जिल्हा पानावर रोटरी, लायन्स अशा क्लबांच्या पदग्रहण सोहळ्यांचे फोटो झळकतात. आमच्या तालुक्याच्या गावातले त्यातले बरेच ब्लेझर माझ्या मशीनवर शिवलेले असतात, म्हणून मी फोटो जरा निरखून बघतो. खांद्याला झोळ दिसला की जेवण गोड लागत नाही. रोटरीचं साल १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जूनअखेर आमची धावपळ. खिशावर तो चोवीस दातांचा चाकाचा बिल्ला लावता लावता ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकांना विचारत गेलो, की हे प्रकरण मुळात निघालं कुठून?

निघालं शिकागोत, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी. पॉल हॅरिस हा लहान गावात वाढलेला वकील. मोठ्या शहरात वकिली चालली, पण जीवाभावाचं कोणी नाही. त्यानं तिघांना जमवलं: कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शीली, खाण इंजिनिअर गस्टाव्हस लोअर आणि हायरम शोरी. हा शोरी म्हणजे शिंपी! पहिली बैठक लोअरच्या ऑफिसात झाली, पुढच्या पाळीपाळीनं एकेकाच्या कामाच्या जागी. रोटरी हे नाव त्या पाळीमुळेच पडलं. एका धंद्याचा एकच सभासद, असा नियम. सुरुवातीला एकमेकांना धंदा मिळवून देणं हाही हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. समाजसेवा मागाहून आली.

आणि ती आली कशी? १९०७ मध्ये या मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट सुरू केली. दारूवाले आणि मोठे दुकानदार आडवे आले; आमच्याकडे सोय आहे की, म्हणाले. म्हणजे गरज लागली तर आधी गुत्त्यात शिरा. क्लब मागे हटला नाही आणि नगरभवनाजवळ स्वच्छतागृह झालं. आज जगभर पसरलेल्या संस्थेचं पहिलं लोकोपयोगी काम हे.

माझं दुकान बाजाराच्या तोंडाशी, मागे घर. आठवडे बाजाराला सातपुड्याच्या पायथ्यापासून बाया वांगी, मेथी, गवार घेऊन येतात. टोपली उतरल्यापासून दिवस मावळेपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. ज्या ओळखीच्या झाल्या त्या माझ्या बायकोला हळूच विचारतात, "बहिनी, जरा मांगे जाऊ का?" बाकीच्या कुठे जातात, देव जाणे. त्याच बाजारात क्लबांनी दिलेले बाक आहेत, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव बाकापेक्षा ठळक.

टर उडवायला लिहीत नाही. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. पोलिओच्या रविवारी माझ्या ओट्यावर बूथ असायचं. लायन्सचंही तसंच. तेही शिकागोतलेच, १९१७ चे; १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांना अंधांसाठी काम करायला साद घातली. माझ्या आईचा मोतीबिंदू क्लबाच्या शिबिरातच निघाला.

म्हणूनच मागणं हक्कानं करतो. यंदाच्या अध्यक्षांनी बाजारात बायांसाठी एक मुतारी बांधावी. पाण्याची टाकी आणि रोज धुणाऱ्या बाईच्या पगारासह, नाहीतर दिवाळीपर्यंत तिला कुलूप लागेल. जागा कुठली, दार कोणत्या बाजूला, हे बाजारातल्या बायांना विचारून ठरवावं. रोटरीत स्त्रियांना सभासदत्व १९८९ ला मिळालं. आता क्लबात डॉक्टरीणबाई, वकीलीणबाई आहेत, त्यांनी एका बाजाराच्या दिवशी टोपलीशेजारी बसून पाहावं.

दुसरं, हॉटेलातली एखादी बैठक सभासदांच्या दुकानात, गोडाऊनवर, दवाखान्यात घ्या. आमच्या क्लबांत सराफ, बिल्डर, सीए भरपूर; शिंपी, लोहार, केळीचा गाडीवाला एकही नाही. वर्गणी परवडत नाही हे खरं, पण कोणी विचारलंही नाही. माझ्याकडे यायचं ठरलं तर मशीन बाजूला सारतो, सतरंजी अंथरतो. चहा माझा.

आपला,
एक टेलर, जळगाव जिल्हा
(नाव छापू नये. ब्लेझरची उधारी अजून यायची आहे.)