गाड्या हटवू नका, गाडीपाशी नळ आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या पानावर गेल्या पंधरा दिवसांत दोन वाचकांनी रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्या हटवा, अशी मागणी केली. दोघांचंही कारण एकच, लेकरं आजारी पडतात. त्यांचं दुःख खरं आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहतो. मागच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. दीड महिना गावाकडं निजून होता, क्लास बुडाला, आईनं उसाचा रस आणि मुळ्याचा पाला करून करून हात टेकले. डॉक्टर म्हणाले, कुठंतरी बाहेरचं पाणी पोटात गेलं. तरीही मी हे पत्र गाड्यांच्या बाजूनं लिहितो आहे, आणि त्याच मुलासाठी लिहितो आहे.

मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहक होतो. वाहकाचं निम्मं आयुष्य हातगाडीवर खाण्यात जातं. उन्हाळ्यात घरचा डबा दुपारपर्यंत आंबतो आणि मुक्कामाची गाडी असली की डब्याचा प्रश्नच नसतो. मिळणाऱ्या भत्त्यात हॉटेल परवडायचं नाही. उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई, परळी, नांदेड, ज्या स्टँडवर एस.टी. लागली तिथल्या हातगाड्यांनी मला पोसलं. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला आणि वरून शेंगदाणे, दुपारी मिरची भजी आणि पाव, निलंग्याला गेलो की तिथला तिखट, पिवळा निलंगा राइस. गळ्यात माळ असल्यानं मला अंडं-मटण चालत नाही. हे गाडीवाल्यांना माहीत असायचं आणि ते माझ्यासाठी वेगळा झारा काढायचे. रात्री अकराला उशिरा आलेल्या गाडीच्या माणसांसाठी चूल पेटती ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना 'अतिक्रमण' म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

नवीन लागलो तेव्हा एका जुन्या चालकानं मला गाडीवर खायचं कसं ते शिकवलं. कढईतून थेट ताटलीत पडतं ते खायचं, पातेल्यात झाकून ठेवलेलं नाही. पातळ चटणीला हात लावायचा नाही, ती निम्मी पाणीच असते. पाणी आपल्या बाटलीतलं प्यायचं. जिथं गर्दी तिथंच खायचं, कारण तिथं माल शिळा व्हायला वेळच मिळत नाही. आणि सगळ्यात आधी वाकून गाडीखालची बादली बघायची.

ही बादली हाच माझ्या पत्राचा विषय आहे. बहुतेक गाड्यांखाली दोन बादल्या असतात. खरकटी ताटली एकीत बुचकळतात, दुसरीत विसळतात आणि फडक्यानं पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला देतात. संध्याकाळी सहाला ते पाणी स्वच्छ असतं, आठ वाजता ताकासारखं होतं. पण गाडीवाल्यानं पाणी आणायचं कुठून? तो घरून दोन कॅन भरून आणतो, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराच्या बोअरवरून हातापाया पडून भरून घेतो. प्यायला आरओचा जार विकत घेतो. एवढ्या पाण्यात त्याला पीठ भिजवायचं, भाज्या धुवायच्या, हात धुवायचे आणि दोनशे ताटल्या विसळायच्या. तुम्ही-आम्ही असतो तरी यापेक्षा निराळं काय केलं असतं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवसांत गाडीवाले ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून त्यावर पोहे देत होते आणि पिशवी फेकून देत होते. धुवायला पाणी नव्हतं, तरी स्वच्छ द्यायची त्यांची धडपड होती.

२०२३ मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको नातवाच्या बारशाला सिंगापूरला गेलो, लेक-जावई तिथं नोकरीला आहेत. महिनाभर होतो. जाताना बायकोनं भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि धपाट्याचं पीठ घेतलं होतं, कारण तिकडं आपल्याला खायला मिळायचं नाही अशी आमची खात्री होती. लेकीनं दुसऱ्याच दिवशी इमारतीखालच्या हॉकर सेंटरला नेलं. हॉकर म्हणजे फेरीवाला. एका मोठ्या छपराखाली ओळीनं छोटे छोटे गाळे, मधे जमिनीत पक्की बसवलेली गोल टेबलं आणि स्टुलं. भिंती नाहीत, वारा आरपार. प्रत्येक गाळ्याला नंबर, वर पदार्थांचे फोटो आणि भाव. गाळा आपल्या पानटपरीच्या दुपटीएवढा असेल. मी सवयीनं वाकून बादली शोधली. आत नळ होता, खाली सांडपाण्याची मोरी होती. जेवणाऱ्यांना हात धुवायला वेगळी बेसिनं होती. गाळ्याच्या दर्शनी भागावर ए किंवा बी असं अक्षर लावलेलं होतं. जावयानं सांगितलं की हा स्वच्छतेचा दर्जा, तेव्हा ए पासून डी पर्यंत होता, आणि ती पद्धत १९९७ पासूनची. गाडीवर खायचं शिकायला मला एका चालकाची गरज लागली होती, इथं ते कुणालाही उभ्या उभ्या वाचता येत होतं.

जेवायला तिथं सगळे एकत्र होते. इस्त्री केलेल्या शर्टातले बँकेचे लोक, टॅक्सीवाले, बांधकामावरचे तमिळ आणि बांगलादेशी मजूर, शाळेची मुलं. टेबल धरून ठेवायला लोक त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून रांगेत जातात आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. आपल्याकडं एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेच. बायकोला ते बघून फार आपलं वाटलं.

आम्हाला खायलाही भरपूर मिळालं. लिटल इंडिया या भारतीय वस्तीतल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा आणि दाल. चिनी शाकाहारी गाळ्यावर तांदळाच्या बारीक शेवया, वर परतलेला कोबी आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. हे गाळे बौद्ध परंपरेतले. त्यांच्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे कळल्यावर बायकोचा चेहरा उजळला, आमच्या घरी चातुर्मासात तो बंदच असतो. कॉफी कापडाच्या लांबुडक्या गाळणीतून ओततात. माझ्या लहानपणी स्टँडवरचे चहावाले तशीच गाळणी वापरायचे. आमच्या निलंगा राइससारखा तिथं हैनानीज चिकन राइस आहे. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी तो तिथं रुजवला, बेटाचं नाव त्याला अजून आहे. मी तो खाल्ला नाही, पण त्या गाळ्यापुढची रांग रोज बघत होतो.

एका पदार्थाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. सोयाबीनच्या दुधाचं ताजं, पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ दही, त्यावर साखरेचा पाक. त्याला तिथं ताउ हुए म्हणतात. वाटी दीड-दोन डॉलरला, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. लेकीच्या तिथल्या पगाराच्या मानानं ते किरकोळच. मी औसा तालुक्यातला. आमच्या घरी दरवर्षी सोयाबीन होतं. आम्ही ते पोत्यात भरतो, लातूरच्या बाजारात घालतो, भाव पडला म्हणून हळहळतो आणि घरी येतो. आमच्या वडिलांनी, मी, भावानं, कुणीही आयुष्यात स्वतःच्या सोयाबीनचा एक गोड घास खाल्लेला नव्हता. साठी ओलांडल्यावर तो मी परमुलखात खाल्ला आणि मला गावाकडची फार आठवण झाली. लातुरात एखाद्या होतकरू पोरानं किंवा बचत गटानं अशी गाडी लावली तर पहिलं गिऱ्हाईक मी.

हे सगळं तिथं पहिल्यापासून असंच असेल असं मला वाटलं होतं. जावयानं जुने फोटो दाखवले तेव्हा मी थक्क झालो. साठ वर्षांपूर्वीचं सिंगापूर म्हणजे आपलाच बाजार. रस्त्यावर, गल्लीबोळांत, गटारांच्या कडेला गाड्या. खरकटं गटारात आणि नदीत. पटकी आणि विषमज्वराच्या साथी यायच्या. तिथल्या सरकारनं १९६८-६९ मध्ये आधी मोजणी आणि नोंदणी केली, सुमारे २४,००० फेरीवाले निघाले. मग १९७१ पासून १९८६ पर्यंत, पंधरा वर्षं, छपरं, नळ आणि मोऱ्या बांधत एकेक करून सगळ्यांना आत आणलं. आधी जागा बांधली, मग माणूस हलवला. त्याच गाळ्यांपैकी एकाला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम खाण्यासाठीचा जगभर मानला जाणारा मान मिळाला, जो सहसा महागड्या हॉटेलांना मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं ही हॉकर संस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली.

तिथंही सगळं गोड नाही. गाळ्यातली बहुतेक माणसं माझ्या वयाची, पहाटे चारला उठणारी, आणि त्यांची मुलं हा धंदा पुढं चालवायला तयार नाहीत. उष्टी ताटं टेबलावरच टाकून जाण्याची खोड तिथल्या लोकांनाही होती. २०२१ पासून आपलं ताट आपण उचलून ठेवणं सक्तीचं केलं, न ठेवल्यास दंड. लोकांचा स्वभाव सगळीकडं सारखाच असतो, असं दिसतं.

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडं पैसा आणि पाणी आहे, आपल्या दुष्काळी मुलखाचं काय. मीही लेकीला हेच म्हणालो होतो. तिनं मला मलेशियाला जोडणारा पूल दाखवला, त्याच्या कडेनं जाड नळ गेलेले आहेत. सिंगापूरकडं स्वतःचं पुरेसं पाणी नाही. १९६२ च्या करारानं ते मलेशियाच्या जोहोरमधून आणतात, करार २०६१ पर्यंत आहे. पावसाचा थेंब न् थेंब साठवतात, २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. शेजाऱ्याकडून पाणी आणणाऱ्या देशानं भज्या-शेवयांच्या प्रत्येक गाळ्याला नळ दिला. हे ऐकल्यावर आपल्या दुष्काळाचं कारण मला पुढं करता येईना.

आपल्याकडच्या गाड्याही आता नुसत्या पोह्या-भज्यांच्या राहिल्या नाहीत. लातूरच्या ट्यूशन भागात संध्याकाळी फेरी मारा. नेपाळी पोरं मोमो वाफवताहेत, शेजारी नूडल्स आणि मंच्युरियन. हे मंच्युरियन चीनमधलं नाहीच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं ते १९७५ च्या सुमारास मुंबईत बनवलं. ते आज औश्यात, निलंग्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा आहे. आपल्या पोरांनी ते कधीच आपलं केलं आहे. काढून टाकू म्हटल्यानं ते जाणार नाही, मागच्या गल्लीत जाईल आणि तिथं बादली आणखी घाण असेल.

कायदा आपल्याकडंही आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र, विक्रीची ठरवलेली क्षेत्रं असं सगळं लिहिलेलं आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असाव्यात, असंही आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या गाड्यांना २०१८ मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून देशात पहिली मान्यता मिळाली, इंदूरच्या छप्पन दुकानलाही नंतर मिळाली. ही काही परदेशची गावं नाहीत.

माझी मागणी छोटी आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या गावी जिथं आजच गाड्या गोळा होतात तिथंच, सोयीच्या एका मोकळ्या जागेवर, पत्र्याचं छप्पर टाकावं. खाली फरशी, सांडपाण्याला उतार, चार-सहा नळ आणि त्यांच्यासाठी रोज भरली जाणारी टाकी. टँकरनं भरा, पण भरा. ताटल्या धुवायला एक सामाईक मोरी आणि रात्री कचरा उचलणारी गाडी. गाडीवाल्यांकडून रोजचं भाडं घ्या, ते आनंदानं देतील. मी चार-पाच जणांशी बोललो आहे. त्यांतला एक, पस्तिशीचा माणूस, म्हणाला, "काका, पैशाचं काय नाही, उद्या गाडी इथंच लागंल एवढं कुणी सांगितलं तर मी स्टीलची टाकी स्वतःच्या पैशानं बसवतो." उद्याचा भरवसा नाही म्हणून तो आज बादलीवर भागवतो. आणि दर तीन महिन्यांनी तपासणी करून गाडीवर अ, ब, क लावा. क वाल्यापुढं कोण उभं राहील?

पुतण्याचा मुलगा आता बरा होऊन परत लातुरात आला आहे. त्याची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, खोलीत शेगडीला परवानगी नाही. खिशात साठ-सत्तर रुपये घेऊन तो आणि त्याच्यासारखी हजारो लेकरं त्या संध्याकाळी रस्त्यावर उतरतात. मी त्याला त्या जुन्या चालकाचे सगळे नियम सांगितले आहेत. येत्या रविवारी मी स्वतः त्याच्याबरोबर जाणार आहे. ज्या वाचकांनी पत्रं लिहिली त्यांनीही यावं, आपण मिळून प्रत्येक गाडीवाल्याला विचारू की तुला काय काय लागतं, आणि ती यादी नगर पथविक्रेता समितीपुढं ठेवू. वहीपेन मी आणतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक,
लातूर