थांबणाऱ्यांनाही रकानाभर जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात लेकाला पेढा भरवणाऱ्या आई-वडिलांचे फोटो येतात. ते यावेतच. त्यातलं एखादं पोर आमच्याकडे जेवून गेलेलं असतं, मग मीही कात्रण कापून मेसच्या भिंतीला लावते. पण सोबतच्या मजकुरात दर वेळी तेच असतं : जिद्द सोडली नाही, हार मानली नाही, म्हणून यश मिळालं. ज्यांनी सोडलं त्यांच्याबद्दल अवाक्षर नसतं. आणि पुण्यात, स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात त्या नवी पेठेत तर त्यांचीच संख्या जास्त. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मी इथे मेस चालवते. वर अभ्यासिका, खाली आम्ही. लातूर, बीड, जालना, नांदेड, जत, सांगोला, कुठून कुठून मुलं येतात. कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते मला ताटावरून कळतं. पूर्व परीक्षा जवळ आली की निम्मी उभ्या उभ्या जेवतात. मुख्य परीक्षा आटोपली की रविवारच्या फीस्टला रेंगाळतात. निकालाच्या संध्याकाळी खाडेच खाडे. आणि काही जण वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मोबाइलवर चालू घडामोडी बघत जेवतात. उठल्यावर विचारलं, भाजी कुठली होती, तर सांगता यायचं नाही.

औसा तालुक्यातला एक मुलगा असाच कोपऱ्यातला होता. हुशार, अबोल. पूर्व निघायची, मुख्यही एकदा निघाली, मुलाखतीनंतर कट-ऑफने थोडक्यात घालवलं. मधे पीएसआयचं, म्हणजे फौजदारकीचं ग्राउंडही (मैदानी चाचणी) करून आला. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात, कुठलाही निकाल नसताना, तो हिशेब चुकता करायला आला. पुस्तकांची खोकी आधीच अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्यांकडे देऊन आला होता. म्हणाला, "काकू, चाललो. आता गावाकडंच." मी कारण विचारलं नाही. म्हटलं, जेवून जा. पिठलं होतं. त्याने दोनदा मागून घेतलं, मिरचीचा ठेचा संपवला आणि हात धुताना म्हणाला, "परवा ठरवलं. त्या रात्री गाढ झोप लागली बघा." तेवढ्यात वडिलांचा फोन आला. स्पीकरवर नव्हता तरी ऐकू येत होतं, "एक डाव बघ की अजून, एवढी वर्षं घातलीस." पोरगं शांतपणे म्हणालं, "म्हणूनच, अण्णा." आता तो कृषी सेवा केंद्रात काम बघतो. सोयाबीनच्या बियाण्यावर माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण मुलगा बोलतो आहे एवढं कळतं.

इतकी मुलं पाहून एक लक्षात आलं आहे. निकालाच्या रात्री रागारागाने बॅग भरून जातात ती महिन्याभरात परत येतात. कॉट शिल्लक आहे का म्हणून मलाच आधी फोन. शांतपणे, मधल्याच एखाद्या मंगळवारी जातात ती येत नाहीत. पहिल्यांचं भांडण अजून आयोगाशी, नशिबाशी, चुलतभावाशी चालू असतं. दुसऱ्यांचं मिटलेलं असतं.

आपल्याकडे थांबायचं कधी हे कुणी ठरवून देत नाही. २०१६ साली सरकारने वयोमर्यादा खुल्या गटाला ३३ वरून ३८ आणि राखीव गटाला ४३ केली. मुलांचीच मागणी होती, मीही पोरांबरोबर आनंदाने पेढा खाल्ला. पण त्याने घरी सांगण्यासारखं कारणही पाच वर्षं पुढं ढकललं गेलं. २०२०च्या डिसेंबरात आयोगाने प्रयत्नांची मर्यादा जाहीर केली, तीही पुढे मागे घेतली. कायदा सांगत नाही, घरचे सांगत नाहीत, क्लासवाले तर कशाला सांगतील? मग पस्तिशीचा मुलगा बावीस वर्षांच्या रूम पार्टनरबरोबर त्याच नोट्स पुन्हा रंगवत बसतो. दिवाळीला घरी जायचं टाळतो.

मुलींचं उलटं आहे. त्यांना घरून मुदत असते, "या वेळी झालं तर ठीक, नाहीतर स्थळ बघतोय." मुलींना थांबवलं जातं आणि मुलांना थांबू दिलं जात नाही. दोन्हीकडे ज्याचं आयुष्य त्याला विचारत नाहीत.

कुणी म्हणेल, काकू पोरांना हात पाय गाळायला सांगते. तसं नाही. कोरोनात परीक्षा किती वेळा पुढे गेली ते आम्ही इथे बसून पाहिलं आहे. ११ मार्च २०२१ला, १४ तारखेची परीक्षा पुन्हा पुढे ढकलली तेव्हा, शास्त्री रस्त्यावर मुलं बसली होती. त्यांना पाणी नेऊन देणाऱ्यांत मी होते. परीक्षा २१ला झाली. वेळापत्रक वेळेवर लागावं, मंजूर पदं भरावीत, निवड झालेल्यांना नेमणुकीसाठी ताटकळत ठेवू नये, यासाठी भांडायलाच हवं. सरकारला सुटका मिळता कामा नये. पण ते भांडण सगळ्यांनी मिळून करायचं आहे. पोस्ट निघाली नाही, म्हणजे पद मिळालं नाही, तर आपण कुणीच नाही, ही जी प्रत्येकाची स्वतःशी रोजची मारामारी असते, ती सोडायला मी सांगते आहे. सोडलं की लगेच सगळं छान होतं असंही नाही. वर्ष दीड वर्ष जड जातं. बारशाला, लग्नाला गेलं की "मग, काय झालं त्याचं?" ऐकावं लागतं. माझ्या मुलाने स्पर्धा परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे मला काय कळतंय असं कुणी म्हणालं तर तेही ऐकून घेईन.

घरच्यांना एवढंच सांगणं आहे. पोरगं परत आलं तर किती लाख गेले, शेत कुठलं गहाण पडलं हे पहिल्या आठवड्यात काढू नका. ते त्याला पाठ आहे. आणि शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी आजारपण वगैरे रचू नका.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या निकालाच्या पुरवणीत, यशवंतांच्या मुलाखतींशेजारी, थांबलेल्या दोघा-तिघांशी बोलून रकानाभर छापा. काय करतात, कसं ठरवलं, घरी काय झालं. बोलायला तयार असलेली मुलं-मुली मी मिळवून देते. नावं छापायची की नाही ते त्यांना विचारा. फक्त फोन दुपारी तीननंतर करा, त्याआधी पोळ्या चालू असतात.

आपली,
एक मेसचालक, नवी पेठ, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)