दारावर नोटीस, हातात 45 दिवस

संपादक महोदय,

आपल्या अंकात आतल्या पानावर बारीक अक्षरांत बँकांच्या ताबा नोटिसा येतात. मी ते पान भाजी निवडायला घ्यायची. गेल्या नोव्हेंबरात त्यात आमच्या यजमानांचं नाव आलं. तोच कागद घराच्या दारावरही चिकटवलेला होता.

त्याआधी 60 दिवसांची मागणी नोटीस येऊन गेली होती. यजमानांची नोकरी सुटली नि घरकर्जाचे पाच हप्ते थकले. विजेच्या खांबावर ‘घर वाचवण्याची हमी’ आणि खाली नंबर. त्या माणसानं फोनवरूनच 35 हजार घेतले. ‘बँकेला काही लिहू नका, आमचे मुंबईचे वकील बघतील.’ त्या वकिलांचं तोंडही आम्हाला दिसलं नाही. (वकिलांना अशी जाहिरात करायला बंदी असते, हे मागाहून कळलं.) खरं म्हणजे त्याच 60 दिवसांत लेखी हरकत घेतली असती, तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागलं असतं. ती संधी गेली.

शेवटी आमच्या तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलांकडे गेलो. ते सरळ म्हणाले, “वहिनी, मी वाटपाचे दावे चालवतो. सरफेसीत, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्यात, दिवाणी कोर्टातून मनाई मिळत नाही, त्याचं कलम 34 आडवं येतं. हे काम पुण्याच्या डीआरटीतलं, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणातलं, आणि मुदत 45 दिवसांची.” त्यातले 19 संपले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते स्वतः आमच्याबरोबर आले आणि डीआरटीत नेहमी काम करणाऱ्या एका वकीलबाईंसमोर आम्हाला बसवलं.

बाईंनी आधी फीची पावती फाडली. मग नोटिशीचं पाकीट मागितलं, पोस्टाचा शिक्का बघायला. मी ते टाकून दिलं नव्हतं, एवढंच माझं शहाणपण! खातेउतारा त्यांनी ओळ न् ओळ वाचला. रोखीनं भरलेले दोन हप्ते त्यात नव्हतेच. पावत्या माझ्या डब्यात होत्या. “घर वाचेलच असं मी म्हणणार नाही,” एवढंच त्या बोलल्या. 41व्या दिवशी अर्ज दाखल झाला. त्यानंतर कुठे बँकेचे साहेब बोलायला तयार झाले. हिशेब दुरुस्त झाला, दागिने गहाण ठेवून थकबाकी भरली. हप्ते आता चालू आहेत.

एक विनंती. आमच्या छापील नोटिशीत कर्ज फेडून घर सोडवण्याचं कलम होतं, पण डीआरटीत दाद मागता येते हे कुठेच नव्हतं. त्या पानाच्या कोपऱ्यात आपण एवढ्या दोन ओळी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता छापाल का? तिथे बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मला ते 35 हजार गेल्यावर समजलं.

— एक गृहिणी, कोरेगाव, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)