सर्दी आहे म्हणून लस टाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यावरच्या कालच्या लेखात ‘नाक वाहत असेल तर लस पुढे ढकलावी’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक छापले आहे. ते साफ चुकीचे आहे, आणि घाईत असलेले आईवडील नेमकी चौकटच वाचतात.

साधी सर्दी, हलका खोकला, थोडी कणकण असली तरी लस देता येते. लसीचा गुण कमी होत नाही, सर्दीही वाढत नाही. लहान मुलाला वर्षाकाठी ६-८ वेळा सर्दी होते आणि ती आठवडा-दहा दिवस टिकते. नाक कोरडे व्हायची वाट पाहत बसलो तर ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस द्यायचे कधी? या डोसांत डांग्या खोकल्याची लस असते, आणि तो याच वयात जीव घेतो. इतक्या लहान बाळाला पुष्कळदा खोकल्याची उबळही येत नाही. श्वासच मध्ये थांबतो, ओठ निळे पडतात.

‘लस घेऊनही सर्दी होतेच’ हा लेखातला सूरही पटला नाही. सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत, या लसी त्यांच्यासाठी नाहीतच. हिब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंविरुद्धच्या लसी न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी आहेत. एखादा डोस चुकलाच तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घेऊन पुढे जायचे.

चौकट छापायचीच होती तर श्वास कसा मोजायचा ते छापायला हवे होते. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ पीत नसेल, तर तडक डॉक्टरांकडे न्यावे. अशा आजारात मात्र लस थांबवतात, तीही बरे वाटेपर्यंतच.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यात सुई टोचलेली दिसते. तान्ह्यांना स्नायूतली लस मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यात मोठ्या नसेला इजा होऊ शकते. चौकट आणि फोटो दोन्हींची दुरुस्ती उद्याच्या अंकात, तेवढ्याच ठळकपणे छापावी ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक