ही सर्दी नव्हे, आई

हाचिओजी, टोकियो
१४ मार्च

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू दर फोनला एकच विचारतेस, "काहून रे, अजून सर्दीच हाय काय तुले?" आणि मग ओवा, वाफारा, हळदीचं दूध. म्हणून यावेळी लिहूनच कळवतो. ताप नाही, अंग दुखत नाही. डोळे चुरचुरतात, नाक गळतं, शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत. पण पाऊस लागला की मी ठणठणीत. सर्दी असती तर पाऊस बघून थांबली नसती.

हा प्रताप सुगी नावाच्या झाडाच्या परागाचा. (आपल्या सुगीशी याचा काही संबंध नाही.) सुरूसारखं सरळसोट वाढणारं झाड. महायुद्धानंतर घरं बांधायला लाकूड हवं होतं, म्हणून सरकारनं डोंगरच्या डोंगर याच झाडानं भरून टाकले. आज जपानच्या जंगलाचा जवळपास १८ टक्के भाग नुसत्या सुगीच्या लागवडीखाली आहे. पुढं बाहेरचं लाकूड स्वस्त मिळायला लागलं, तोड मंदावली, झाडं वयात आली आणि लोक शिंकायला लागले. या त्रासाची पहिली नोंद १९६४ सालची, निक्को या गावची. आता इथं दहातल्या चार जणांना तो आहे. नवीन माणसाला बहुधा पहिल्या वर्षी काही होत नाही, काही हंगाम गेले की धरू शकतं. मला यंदा धरलं.

आमच्या घराच्या पश्चिमेला ताकाओ डोंगर आहे. तिथं खाली वाकलेली एक फांदी मी मुद्दाम हातात धरून पाहिली. शेंड्याशेंड्याला तांदळाच्या दाण्याएवढी पिवळट नरफुलं, घोसच्या घोस. टिचकी मारली तर पिवळा धूर निघाला आणि बाहीवर पीठ बसलं. एकेका फुलात लाखांनी कण असतात.

बाबा, पुढचं तुम्हाला लवकर समजेल. ही फुलं फेब्रुवारीत फुटली तरी त्यांचा हिशोब मागच्या जुलैतच झालेला असतो. त्या महिन्यात कडक ऊन पडलं आणि पाऊस कमी झाला, तर झाड फुलं जास्त धरतं. जुलै ढगाळ आणि ओला गेला तर कमी. तुम्ही संत्र्याच्या आंबिया बहरासाठी पाणी तोडून ताण देता आणि मधेच अवकाळी आला की कपाळाला हात लावता, तसंच हे, फक्त इथं ताण ऊनच देतं. मागचा जुलै इथं भट्टीसारखा गेला, त्यामुळं यंदा काय होणार ते लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. फुलं पानगळीच्या दिवसांत तयार होतात, थंडीत निजून राहतात आणि जानेवारीनंतर ऊब जशी साचत जाते तशी उघडतात. थंडी लांबली तर हंगामही लांबतो.

फरक एकच. संत्र्याचा पराग चिकट, तो मधमाशी नेते. म्हणून बहरातल्या बगिच्यात तुम्ही दिवसभर फिरा, नुसता वास येतो. सुगीची सगळी भिस्त वाऱ्यावर. कुठला कण कुठं पडेल याचा नेम नाही, म्हणून ते बेहिशेबी उधळतं. कण मिलिमीटरच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ०.०३ मिलिमीटर, आणि हलका. डोंगरातला पराग पन्नास किलोमीटरवरच्या शहरात आरामात येतो.

रोजचा खेळ मग हवेचा. हवा दमट असली की परागाच्या पिशव्या मिटलेल्या राहतात, सुकली की फाटतात. पाऊस पडला की उडालेला पराग धुऊन खाली बसतो. खरा घात होतो दुसऱ्या दिवशी. परवा दिवसभर रिपरिप होती, मी खुशीत होतो. काल लख्ख ऊन, दक्षिणेचा गरम वारा, आणि दोन दिवसांचा माल एकदम सुटला. वर रस्त्यावर पडलेला पराग सुकून पुन्हा उडाला, तो वेगळाच. सकाळी डोंगरात सुटलेला लोट शहरात दुपारपर्यंत पोहोचतो. दिवस मावळला की हवा गार होते आणि वर चढलेला पराग खाली उतरतो, नेमका माझ्या सुट्टीच्या वेळी.

मोजणी कशी करतात ते ऐकून बाबांना मजा वाटेल. काचेच्या पट्टीला व्हॅसलीन फासून उघड्यावर ठेवायची, दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली चिकटलेले कण मोजायचे. एक चौरस सेंटिमीटरवर ३० च्या वर कण म्हणजे फार झाले. टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत हेही सांगतात. या दिवसांत इथं पुष्कळ लोक कपडे बाहेर वाळत घालत नाहीत. आई, तुझ्या "गोधड्यांले ऊन दाखव" ला सध्या सुट्टी.

सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं की दहा वर्षांत सुगीची लागवड वीस टक्क्यांनी कमी करायची आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचा. मला घाई आहे, त्यामुळं मी डॉक्टरांकडं जाऊन आलो. गोळ्या देतात, गुण येतो. जिभेखाली ठेवायचं एक रोजचं औषधही आहे, पण ते हंगाम संपल्यावर सुरू करायचं आणि निदान तीन वर्षं घ्यायचं. जूनपासून घेईन. विम्यात बसतं, पैशाची काळजी करू नका.

एक काकूसाठी. थंडी सरताना तिचा दमा उठतो आणि आपण धुळीवर ढकलतो. शाळेमागचा वावळा त्याच सुमारास, पानं यायच्या आधी फुलतो, आणि तोही पराग वाऱ्यावरच सोडतो. वावळ्याची ॲलर्जी आपल्या देशात माहीत असलेली आहे. बांधावरचं गाजर गवतही तसलंच. मी काही डॉक्टर नाही, पण अमरावतीला नेऊन तपासून घ्या. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी त्रास वाढतो का, तेवढं काकाजींनी लिहून ठेवलं तर डॉक्टरांना सोपं जाईल. यावरून कोणी वावळा तोडायला मात्र उठू नका, आपलं एकच झाड आहे, डोंगर नाही.

आंबिया कसा धरला? फळगळ फार आहे का? गारा आल्या का आपल्या शिवारात, ते दादाला कळवायला सांगा.

तुमचा,
लहान्या