रीबूट करण्याआधी

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय शैलेश,

साताऱ्यातला तुमचा सर्व्हर आता रोज रात्री आपोआप रीबूट होतो हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. वर्षभर मीही हेच करत होतो रे.

आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढायची झुंबड उडते, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसायचा. मी बंद-चालू करायचो. अर्धा तास बरा जायचा, पुन्हा तेच. एके दिवशी कडेगावकडचे एक आजोबा पट्टीसाठी खिडकीपाशी ताटकळले, त्यांची गावची एसटी चुकली. हातातली पिशवी सावरत ते काही न बोलता बाकावर बसले. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी रीबूटचा हात आवरला आणि आकडे बघितले. 'सार' हे मशीनच्या कामाचे आकडे टिपणारं साधन दर 10 मिनिटांची नोंद ठेवतच होतं, मीच कधी उघडलं नव्हतं. लोड, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या, 19; प्रोसेसरचे कोर चार. मालकांकडे नवं मशीन मागायच्या बेतात होतो! पण प्रोसेसरचं खरं काम 12 टक्के, आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, 61. लिनक्स डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं. म्हणजे सगळे डिस्कपाशी रांगेत उभे.

मग मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) नोंद, चालू केला. त्याची मर्यादा मुळात 10 सेकंदांची असते, ती 1 वर आणली. तासाभरात चोर सापडला: शेतकऱ्याची मागची उचल शोधणारी एकच क्वेरी. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन लावलं तर टाइपखाली 'ऑल', म्हणजे अख्खं टेबल वाचणं, ओळी 23 लाख. खाते क्रमांकावर इंडेक्सच, म्हणजे ओळ झटकन शोधून देणारी सूचीच, नाही! टेबल मेमरीत मावत नव्हतं, त्यामुळे एका पट्टीसाठी ते अख्खं डिस्कवरून वाचलं जायचं. रात्री इंडेक्स टाकला. आता पट्टी विचारल्याबरोबर निघते.

रीबूटनं बरं वाटायचं ते तुंबलेल्या क्वेऱ्या मरायच्या म्हणून. पण सोबत मेमरीतला कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचून हाताशी ठेवलेला डेटा, पुसला जायचा, आणि त्या घडीला काय अडकलं होतं याचा पुरावाही.

तुमचं दुखणं वेगळं असू शकतं. एखादा प्रोग्रॅम मेमरी गिळत असेल, तर व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये स्वॅपचे (मेमरी आणि डिस्क यांच्यातल्या ने-आणीचे) दोन्ही रकाने हलताना दिसतील. तेव्हा रात्रीचा रीबूट दोन दिवस थांबव, मशीन रेंगाळलं की आधी टॉप (कोणता प्रोग्रॅम किती खातो), आयओस्टॅट (डिस्कवरचा भार) आणि चालू क्वेऱ्यांची यादी फाइलीत उतरवून घे, मगच हात लाव. ती फाइल मला पाठव. मी रात्री जागून बघतो.

तुझा,
महेश